मंत्र्यांचे उत्तर आपल्याच टेबलावरून जाते

कामगार बंधू-भगिनींनो,

संसदेचे अधिवेशन जवळ आले की आपल्या लोकांत दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एकजण म्हणतो, "दिल्लीत नुसता गोंधळ चालतो, त्यातून आपल्या ताटात काय पडणार?" दुसरा म्हणतो, "खासदारसाहेबांना निवेदन दिले आहे, हार घातला आहे, फोटोही निघाला आहे. आता बघाच!" पहिल्याने आशा सोडलेली असते, दुसऱ्याने सगळा भार खासदाराच्या खांद्यावर टाकलेला असतो. अधिवेशन संपते. पहिला म्हणतो, "मी सांगितले नव्हते?" आणि दुसरा पुढच्या हाराची वर्गणी गोळा करू लागतो.

या दोघांनाही मला एका साध्या हत्याराबद्दल सांगायचे आहे. ते म्हणजे संसदेतला लेखी प्रश्न. हे हत्यार खासदाराच्या हातात असते हे खरे. पण त्याला धार लावायची ती रेल्वे आणि टपाल खात्यातल्या माणसांनीच. आणि त्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांच्या नावाने छापले जात असले, तरी त्याची पहिली ओळ लिहिणारा हातही पुष्कळदा आपल्यातल्याच कोणाचा तरी असतो. म्हणून हा विषय पुढाऱ्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

प्रश्नाचे प्रकार

लोकसभेत बैठकीचा पहिला तास, सकाळी ११ ते १२, प्रश्नोत्तरांचा असतो. राज्यसभेत हा तास २०१४ पासून दुपारी १२ वाजता सुरू होतो. प्रश्न मुख्यतः दोन जातींचे. ज्याच्या डोक्यावर चांदणी छापलेली असते तो तारांकित. त्याचे उत्तर मंत्र्यांनी उभे राहून द्यायचे आणि त्यावर सभासदांनी उपप्रश्न विचारायचे. ज्यावर चांदणी नाही तो अतारांकित. त्याचे उत्तर लेखी येते आणि सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. तारांकित यादी हिरव्या कागदावर आणि अतारांकित यादी पांढऱ्या कागदावर छापण्याची तेथली जुनी पद्धत आहे. कोणाचा प्रश्न यादीत कितवा लागणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते.

वर्तमानपत्रे लिहितात ती हिरव्या यादीबद्दल, कारण तेथे खडाजंगी होते. पण तासाभरात वीसपैकी चार-पाच प्रश्नांचीच तोंडी उत्तरे होतात. उरलेल्यांची उत्तरेही लेखीच जातात. म्हणजे कामाचा मोठा भाग चालतो तो कागदावर, कोणताही आरडाओरडा न होता. आपल्या कामाचा आहे तो हाच भाग.

भाषणात मंत्री म्हणू शकतात, "कामगार हा रेल्वेचा कणा आहे." त्याला कोणी पावती मागत नाही. पण लेखी प्रश्नात "अमुक विभागात अमुक तारखेला ट्रॅक मेंटेनरच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती?" असे विचारले, की कण्याचे कौतुक करून भागत नाही. तीन आकडे लिहावे लागतात. ते छापले जातात आणि वर्षानुवर्षे राहतात. पुढे आकडा चुकीचा ठरला तर मंत्र्यांना सभागृहात दुरुस्तीचे निवेदन करावे लागते. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो, लेखी उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एक अलीकडचे उदाहरण घ्या. माणसे कमी आहेत, एकाकडून दोघांचे काम करून घेतले जाते, हे आपण गेट मीटिंगमध्ये किती वर्षे ओरडून सांगत होतो! साहेब लोक म्हणायचे, युनियनवाले वाढवून सांगतात. मग रेल्वेमंत्र्यांच्या लेखी उत्तरातूनच बाहेर आले, की १ डिसेंबर २०२२ रोजी देशभरात अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या तीन लाखांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. झोनवार तक्ता सोबत होता. त्या दिवसापासून वाढवून सांगण्याचा आरोप संपला.

हा हक्क फुकट मिळालेला नाही

आपल्या देशात प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कायद्याने, तोही अर्धामुर्धा. उत्तर ऐकून गप्प बसायचे, उपप्रश्न विचारायचा नाही. केंद्रातल्या कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला फेब्रुवारी १८९३ मध्ये. विचारणारे होते भिनग्याचे राजे. पण प्रश्न राजेरजवाड्यांचा नव्हता. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या तळाला सामान पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांचे हाल होतात, त्याबद्दल तो प्रश्न होता. साहेबांच्या दौऱ्याची झळ कोणाला बसते हे रेल्वेच्या माणसाला वेगळे सांगायला नको! उपप्रश्नाची मुभा १९०९ च्या सुधारणांनंतर आली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. पुढे ती इतर सभासदांना मिळाली.

या हक्काचा कामगारांसाठी उपयोग कसा करावा हे शिकायचे तर आपल्याच मातीतला माणूस समोर आहे. नारायण मल्हार जोशी, म्हणजे ना. म. जोशी. १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातल्या, आजच्या रायगडातल्या गोरेगावी जन्मलेला हा गृहस्थ १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत होता आणि १९२१ पासून सुमारे पंचवीस वर्षे केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसला. मागे पक्षाचे बहुमत नाही, निवडून आलेला नाही, सरकारने नेमलेला सभासद. तरी त्याच सरकारला त्याने प्रश्न, ठराव आणि दुरुस्त्या यांनी सतत कामाला लावले. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण द्या, हा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मांडला. १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. आज आपल्या युनियनच्या पावतीपुस्तकावर जो नोंदणी क्रमांक छापलेला असतो, त्याचे मूळ तेथे आहे.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा कायदेमंडळात प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला ना. म. जोशी आणि उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला बाबासाहेब, असे दृश्य होते. दोघेही कामगारांच्या बाजूचे, तरी प्रश्न हा प्रश्न आणि उत्तर हे उत्तर. मंत्री आपला आहे म्हणून प्रश्न विचारू नये, असे दोघांनाही वाटले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात त्या काळातली कामगिरी आहे. प्रत्येक शाखेच्या कपाटात तो खंड असावा असे माझे मत आहे.

सत्ताधारी सभासदाचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतरचे मोठे उदाहरण मुंधडा प्रकरणाचे. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये निघाले. त्यातला पैसा तुमच्या-आमच्यासारख्या हप्ते भरणाऱ्यांचा. १९५७ मध्ये त्यातले सव्वा कोटी रुपयांच्या आसपास हरिदास मुंधडा या उद्योगपतीच्या अडचणीत आलेल्या कंपन्यांच्या शेअरांत घातले गेले. याला वाचा फुटली ती लोकसभेतल्या प्रश्नातून. प्रश्न विचारणारे डॉ. राम सुभग सिंह हे सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी कागदपत्रांसह विषय लावून धरला. तेही काँग्रेसचेच, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांची चौकशी बसली, ती लोकांसमोर उघडपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

यातून घ्यायचा धडा असा, की आपल्या भागाचा खासदार सत्ताधारी पक्षाचा आहे म्हणून निराश होऊन परत फिरू नये. त्यालाही प्रश्न विचारता येतो आणि नेटाने विचारला तर अर्थमंत्र्याची खुर्चीही हलते. हेच राम सुभग सिंह १९६९ मध्ये काही महिने रेल्वेमंत्री झाले. तसेच आपले प्रा. मधु दंडवते. १९७१ पासून राजापूरचे खासदार म्हणून विरोधी बाकांवरून प्रश्न विचारत होते, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री म्हणून उत्तरे देऊ लागले. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्या राजवटीत परत घेतले गेले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या येऊ लागल्या त्याही तेव्हापासून. प्रश्न विचारणारा केव्हा उत्तर देणाऱ्याच्या जागी जाईल, सांगता येत नाही. म्हणून प्रश्नाचा हक्क दोन्ही बाजूंनी जपायला हवा.

आता तर गरज अधिक

पूर्वी दर वर्षी रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जाई. १९२४ पासूनची ती प्रथा. त्यावर दिवसचे दिवस चर्चा होई आणि गावोगावचे खासदार आपापल्या स्टेशनांची, क्वार्टरांची, गाड्यांची गाऱ्हाणी मांडत. २०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला गेला. रेल्वेबद्दल बोलायचा तो मोठा दरवाजा लहान झाला. अशा वेळी खिडकी उरते ती लेखी प्रश्नाची.

आणि ही खिडकीही आपोआप उघडी राहते असे समजू नका. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. त्याच काळात आपला ट्रॅक मेंटेनर रुळावर होता, आपला पोस्टमन दारोदार जात होता, आर.एम.एस.मधली टपालाची छाननी चालू होती. ज्यांना काम बंद ठेवण्याची सवलत मिळाली नाही, त्यांच्याबद्दल मंत्र्यांना समोरासमोर विचारण्याची सवलत मात्र बंद झाली.

प्रश्न कोठून कोठे जातो

खासदाराने दिल्लीत नोटीस दिली, प्रश्न मंजूर झाला, की तो मंत्रालयाकडे येतो. तेथून रेल्वे बोर्ड, बोर्डाकडून झोन, झोनकडून विभाग, विभागातून शाखा अधिकारी, आणि शेवटी डीलिंग क्लार्कच्या टेबलावर. आम्ही जबलपूरवाले २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होतो, तेव्हा असले कागद मुंबईहून येत. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपूरलाच झाले. अंतर कमी झाले, घाई तेवढीच राहिली. पार्लमेंटचा प्रश्न आला म्हटले की महिनोन्महिने झोपलेली फाइल जागी होते. "आजच्या आज माहिती द्या" असा फोन येतो. टपाल खात्यातही तेच. डायरेक्टोरेटकडून सर्कल, सर्कलकडून डिव्हिजन, डिव्हिजनकडून सब-डिव्हिजन.

एका विभागातली गोष्ट सांगतो. नाव नको. तेथे काही फाटकांवरचे गेटमन ‘ई.आय.’ वर्गात, म्हणजे अधूनमधून काम असलेले, असे धरले गेले होते. त्यामुळे बारा तासांची पाळी. वाहतूक कितीतरी वाढली होती, पण जॉब अ‍ॅनालिसिस नव्याने झालेच नव्हते. पहिल्यांदा प्रश्न गेला तो असा: "गेटमनवर अन्याय होत आहे हे खरे आहे काय?" उत्तर आले, "नाही." पुढचे सगळे उपभाग "प्रश्न उद्भवत नाही" या तीन शब्दांत संपले. महाराष्ट्राच्या विधानसभेतली तारांकित प्रश्नांची उत्तरे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे तीन शब्द चांगले ओळखीचे आहेत.

दुसऱ्या वेळी तेथल्या कार्यकर्त्यांनी फाटकांचे क्रमांक काढले. प्रत्येक फाटकावर दिवसाला किती गाड्या, किती वाहने, शेवटचे जॉब अ‍ॅनालिसिस कोणत्या वर्षी, हे दोन महिने खपून जमवले. मग प्रश्न असा झाला: या विभागात बारा तासांच्या पाळीची फाटके किती, प्रत्येकाचे शेवटचे जॉब अ‍ॅनालिसिस कोणत्या तारखेला झाले, त्यानंतर वाहतुकीत किती वाढ झाली, नव्याने जॉब अ‍ॅनालिसिस केव्हा करणार, विलंबाची कारणे काय? आता "नाही" म्हणायला जागाच नव्हती. उत्तर दिल्लीला पोचायच्या आधीच विभागात धावपळ सुरू झाली, आणि जे काम अर्ज-विनंत्यांनी झाले नव्हते ते जॉब अ‍ॅनालिसिस निघाले. उत्तर छापून आले तेव्हा त्यात "काम सुरू केले आहे" असे लिहिता यावे म्हणून!

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खासदाराला फाटकाचा क्रमांक ठाऊक नसतो. तो आपल्याला ठाऊक असतो.

‘केव्हा’ विचारण्याचीही रीत असते

आमच्या जबलपूर-गोंदिया छोट्या लाईनचे पाहा. मध्य प्रदेशातून विदर्भात जाणारी ही नॅरोगेज गाडी आमच्याकडच्या कित्येक मराठी कुटुंबांची माहेरची वाट होती. तिच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाली १९९६-९७ मध्ये. जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनातून सुटणारी छोटी गाडी बंद झाली २०१५ मध्ये, आणि संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला २०२० मध्ये. जवळजवळ चोवीस वर्षे! या काळात "काम केव्हा पूर्ण होणार?" असे किती वेळा विचारले गेले असेल! अशा प्रश्नाला मंत्रालयाकडे ठरलेले उत्तर असते: निधीच्या उपलब्धतेनुसार. कोणता टप्पा कशामुळे अडला, वनजमिनीच्या परवानगीचा कागद कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेपासून पडून आहे, असे टप्प्याटप्प्याने विचारले तरच कोणाचे तरी नाव आणि कोणती तरी तारीख हाती लागते.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’

मंत्र्यांच्या उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत असून सभापटलावर ठेवण्यात येईल" किंवा "बाब विचाराधीन आहे" असे आले की आपले लोक कपाळावर हात मारतात. म्हणतात, संपले. बंधूंनो, येथे खरे काम सुरू होते. संसदेच्या रिवाजाप्रमाणे असली वाक्ये आश्वासन म्हणून धरली जातात. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे अशी अपेक्षा असते, आणि जमले नाही तर मंत्रालयाला समितीकडे मुदत वाढवून मागावी लागते. म्हणून प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्र्यांचे शब्द, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख. ती तारीख उलटली की खासदाराला आठवण द्यायची. उत्तर अपुरे असेल तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागण्याचीही सोय नियमांत आहे.

मात्र केवळ प्रश्नाने लढाई जिंकता येते असे मी म्हणत नाही. ग्रामीण डाक सेवकांसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. पुढे दीड वर्ष सेवकांनी वाट पाहिली. मे-जून २०१८ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा सरकारचा निर्णय झाला आणि १ जुलै २०१८ पासून नवे भत्ते लागू झाले. वाटाघाटीच्या टेबलालाही पर्याय नाही. रेल्वेत १९५२ पासून पी.एन.एम. आहे, १९६६ पासून जे.सी.एम. आहे. तेथला विषय तेथेच आधी लढवायचा. पण टेबलावर बसताना मंत्र्यांचे छापील उत्तर खिशात असले, की समोरच्या साहेबाला आपलाच आकडा खोडता येत नाही.

या हत्याराला गंजही चढतो

प्रश्नांचा बाजारही झाला आहे, हे लपवून चालणार नाही. १९५१ मध्ये एच. जी. मुदगल या सभासदाने मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात त्यांचे काम केल्याचे चौकशीत दिसून आले आणि त्याला जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे घेतलेल्या अकरा खासदारांना संसदेने काढून टाकले. त्यांत दोघे आपल्या खानदेशातले होते, याची लाज वाटते. व्यापारी प्रश्नासाठी पैसे मोजायला तयार होतो, यावरूनच प्रश्नाची किंमत कळते. पैसेवाल्यांना जी किंमत कळली ती कष्टकऱ्यांना कळू नये काय? आपल्याजवळ द्यायला पैसा नाही आणि देऊही नये. आपल्याजवळ खरी माहिती आहे. प्रामाणिक खासदाराला तीच हवी असते.

काही पथ्ये मात्र पाळायची. स्वतःच्या बदलीसाठी, बढतीसाठी, चार्जशीट रद्द करून घेण्यासाठी खासदाराची चिठ्ठी आणू नका. बाहेरचे वजन आणले म्हणून रेल्वेच्या असोत की टपालाच्या असोत, आचरण नियमांतल्या नियम २० खाली उलट आपल्यावरच कारवाई होते. फाइलमधला गोपनीय कागदही बाहेर देऊ नका, त्याला नियम ११ आहे. छापील परिपत्रके, कामाच्या जागी सर्वांना दिसणारी परिस्थिती, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मिळवलेली उत्तरे, एवढे साहित्य पुरेसे होते. विषय सगळ्यांचा असावा आणि तो युनियनच्या पदाधिकाऱ्याने, युनियनच्या लेटरहेडवर, सहीनिशी द्यावा. आणि वेळेवर द्यावा. प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावणे म्हणजे वरातीमागून घोडे. खासदार आपल्याच भागाचा हवा असेही नाही. राज्यसभेतले सभासद आहेत, दुसऱ्या राज्यातले आहेत. मधु लिमये पुण्याचे, पण निवडून येत बिहारमधून, आणि प्रश्नांच्या आयुधाचा त्यांच्याएवढा जाणकार क्वचितच झाला.

टेबलावरच्या भावाबहिणींना

शेवटी, आपल्या कार्यालयांतल्या भावाबहिणींशी दोन शब्द. विभागीय कार्यालयातल्या, डिव्हिजनल पोस्ट ऑफिसातल्या ज्या टेबलावर हा कागद येतो तेथे आपलेच सभासद बसलेले असतात. वरून दबाव येतो. "आकडा मोठा दिसतो आहे, जरा नीट करा." किंवा, "कशाला खोलात जाता, ‘निरंक’ लिहून पाठवा." सोपे असते. ‘निरंक’ या एका शब्दाने दिवसाचे काम मिनिटात संपते.

पण तो शब्द किती लांब जातो याचा विचार करा. क्वार्टरांत गळतीच्या तक्रारी निरंक. रात्रपाळीच्या सुरक्षेच्या तक्रारी निरंक. शाखा डाकघरांत बंद पडलेली यंत्रे निरंक. तुमच्या टेबलावरून हा शब्द विभागाचा होतो, विभागाकडून झोनचा, बोर्डाचा, आणि शेवटी मंत्री सभागृहाला सांगतात की अशी एकही तक्रार नाही. मग तोच छापील कागद घेऊन साहेब आपल्याला पी.एन.एम.मध्ये सांगतात, "मंत्रिमहोदयांनी संसदेत सांगितले आहे, तुमची मागणी निराधार आहे." जी भिंत आपल्यासमोर उभी राहते तिची पहिली वीट आपल्याच माणसाने ठेवलेली असते. गळक्या क्वार्टरात झोपणारा मेट, भरपावसात एकट्याने गस्त घालणारा की-मन, स्वतःच्या पैशाने पेट्रोल भरून डाक वाटणारा सेवक, यांच्या आयुष्यात तो शब्द उतरतो.

कोणी नियम मोडा असे मी सांगत नाही. उलट नियम पाळा असेच सांगतो. रजिस्टरमध्ये जे आहे तेच लिहा. आकडा बदला असे तोंडी सांगितले तर नम्रपणे म्हणा, "साहेब, फाइलवर लिहून द्या." बहुतेक वेळा लिहून मिळत नाही आणि खरा आकडा जातो. अशा माणसाच्या पाठीशी शाखेने उभे राहिले पाहिजे, हे शाखेचे कर्तव्य आहे.

प्रत्येक शाखेने पुढच्या अधिवेशनापूर्वी एकच विषय निवडावा. दहा नकोत, एकच. त्याचे आकडे, तारखा, जागा गोळा कराव्यात, पाच ओळींचा प्रश्न तयार करावा आणि वेळेत द्यावा. उत्तर आले की नोटीस बोर्डावर लावावे, गेट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळू दे की त्याच्या फाटकाचे, त्याच्या बीटचे नाव दिल्लीच्या कागदावर आले आहे, आणि त्याखाली मंत्र्यांचे उत्तर आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!

आपला,
शाखा सचिव, रेल्वे कामगार युनियन
गढा, जबलपूर